इंदूरच्या सासरी मुक्काम : तयारी, क्रम आणि मतभेद हाताळण्याची पद्धत

इंदूरच्या मराठी घरांतली मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे स्थायिक झाली की सासरची भेट संध्याकाळपुरती राहत नाही. गणपती, महालक्ष्म्या किंवा दिवाळीच्या निमित्ताने चार ते आठ दिवसांचा मुक्काम पडतो आणि खटका उडाला तरी रात्री आपल्या घरी परतण्याची सोय नसते. अशा मुक्कामात भांडणे होतात ती बहुधा विषयामुळे नव्हे, तर क्रम चुकल्यामुळे. विषय आधी काढला जातो आणि नवरा-बायकोचे एकमत नंतर शोधले जाते. परतीची तारीख शेवटच्या दिवशी कळते. आणि मुलाने जे आपल्या आईला सांगायचे ते सून सासूला सांगते. पुढील टप्पे त्याच क्रमाने पाळावेत, कारण मागचा टप्पा गाळला की पुढच्याचा उपयोग निम्मा होतो. लेख मुख्यतः सासरी जाणाऱ्या सुनेला आणि तिच्या नवऱ्याला उद्देशून आहे. जावयासाठी वेगळा टप्पा पुढे दिला आहे.

टप्पा १ : तिकिटांच्या आधी दोघांची बैठक

मुले झोपल्यावर दोघांनी तासभर कागद घेऊन बसावे आणि मागच्या भेटीत नेमके काय खटकले ते लिहून काढावे. “आई टोमणे मारतात” अशी नोंद निरुपयोगी असते. “मुलगा जेवताना मोबाइल पाहत होता म्हणून मामंजींच्या मित्रांसमोर मला ऐकवले” ही नोंद उपयोगाची, कारण तिच्यात प्रसंग, जागा आणि साक्षीदार तिन्ही आहेत. त्यानंतर प्रत्येक नोंद तीनपैकी एका गटात टाकावी.

पहिला गट सोडून देण्याच्या गोष्टींचा. साडी की पंजाबी ड्रेस, चहात साखर किती, सकाळी किती वाजता उठायचे, हे प्रश्न चार दिवसांपुरते त्या घराच्या रीतीने सुटले तर काही बिघडत नाही. दुसरा गट आधीच सांगून टाकण्याच्या गोष्टींचा : परतीचा दिवस, मुलाची ॲलर्जी, कोणाचा उपास आहे आणि कोणाचा नाही, कोणाला दुपारी दोन तास कार्यालयाचे काम करावे लागणार आहे. तिसरा गट बसून बोलण्याच्या गोष्टींचा, म्हणजे ज्यांत खरेच मतभेद आहे आणि ज्यांवाचून पुढे जाता येणार नाही. या तिसऱ्या गटातला एका मुक्कामात एकच विषय काढावा. दोन काढले की समोरच्याला ती यादी वाटते, आणि यादी ऐकणारा माणूस उत्तर म्हणून स्वतःची यादी काढतो.

मग कोण बोलणार ते ठरवावे. ज्याचे आई-वडील, त्याने बोलावे. मुलाने दिलेला नकार आई दोन दिवसांत विसरते. सुनेने तेच शब्द उच्चारले तर ते आत्या, मावशी आणि जाऊबाईंपर्यंत पोचतात आणि पुढच्या लग्नकार्यात परत ऐकायला मिळतात. हे न्याय्य नाही, पण घरोघरी असेच असते आणि चार दिवसांत ते बदलण्याचा प्रयत्न करू नये.

सावधान : नवऱ्याने “तिला नको आहे” किंवा “तिला आवडत नाही” असे म्हणणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. निर्णय कोणाच्याही आग्रहाने झालेला असो, वाक्य “आम्ही ठरवलं आहे” असेच असले पाहिजे. जो नवरा आईसमोर बायकोच्या नावावर निरोप पोचवतो, तो मध्यस्थी न करता फक्त स्वतःची सुटका करून घेतो.

तपासून पाहा : या खेपेला कोणता एक विषय काढायचा, हे दोघांना वेगवेगळे विचारले तर उत्तर एकच येते का? येत नसेल, तर बैठक संपलेली नाही.

टप्पा २ : तारखा ठरवणे आणि कळवणे

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे सणाच्या तारखा पाहून जाण्याचे आणि येण्याचे अशी दोन्ही तिकिटे, ज्याचे त्याचे आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळीच काढावीत. परतीचे तिकीट “नंतर बघू” म्हणून ठेवू नये; ते हातात नसेल तर प्रत्येक जेवणावर “अजून दोन दिवस थांबा” हाच विषय राहतो आणि शेवटी नकाराचा वाईटपणा सुनेकडे येतो.

तारखा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. महालक्ष्म्यांचा सण तीन दिवसांचा असतो : अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. पूजनाच्या सकाळी पोचणारी सून पाहुणी ठरते आणि काम न केल्याचा ठपका घेऊन परतते. यायचेच असेल तर आवाहनाच्या आदल्या दिवशी यावे किंवा तो सण मोकळेपणाने सोडून दिवाळीला यावे. दुसरी गोष्ट अनंत चतुर्दशीची. त्या रात्री इंदुरात कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात, शहराच्या मध्यभागातली वाहतूक रात्रभर विस्कळीत होते आणि घरातली वडीलधारी मंडळी नातवंडांना झांक्या दाखवण्याचे महिनाभर आधी ठरवून बसलेली असतात. त्या रात्रीचे परतीचे तिकीट काढणे म्हणजे भांडण विकत घेणे होय.

येण्याची आणि जाण्याची तारीख एकाच फोनमध्ये, मुलाने, आईला आणि वडिलांना दोघांनाही सांगावी. “आई, आम्ही बुधवारी सकाळी अवंतिकेने पोचतोय आणि रविवारी संध्याकाळी त्याच गाडीने निघतोय, तिकिटं झाली आहेत,” एवढेच पुरे. रजा का मिळत नाही, मुलाची परीक्षा कधी आहे, ही कारणे जोडू नयेत; प्रत्येक कारणावर तोडगा निघू शकतो, ठरलेल्या तारखेवर निघत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ही बातमी फोनच्या आधी टाकू नये. आईला मुलाची परतीची तारीख नणंदेच्या अंगठ्याच्या चित्रावरून कळली, तर ती नाराजी मुक्कामभर पुरते.

टप्पा ३ : सोबत काय न्यावे

इंदूरला फरसाण, शेव किंवा चिवडा घेऊन जाऊ नये. ज्या शहरात शेवेचे प्रकार लवंग, लसूण, रतलामी असे मोजून विकत घेतले जातात, तेथे आपला पुडा उघडला जातो तो तुलनेसाठीच. कोकम, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आंबा पोळी हे पदार्थ चालतात. वाचणारी मंडळी असतील तर दोन-तीन दिवाळी अंक न्यावेत, त्यांचे स्वागत मिठाईपेक्षा जास्त होते.

सासूबाईंसाठी स्वयंपाकाचे नवे उपकरण नेण्याआधी दोनदा विचार करावा. कमी तेलात तळणारे यंत्र ही भेट देणाऱ्याच्या दृष्टीने काळजी असते आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने “तुम्ही फार तेल घालता” असा शेरा. मुलाची औषधे, त्याचे ठरलेले खाणे, स्वतःची उशी लागत असल्यास ती, असे सर्व आपल्यासोबत असावे, म्हणजे पहिल्याच दिवशी “हे नाही का, ते नाही का” असे विचारावे लागत नाही.

टप्पा ४ : पहिला दिवस

गाडी सकाळी पोचते, प्रवासात झोप झालेली नसते आणि घरी गेल्या गेल्या पोहे-जिलबीच्या बश्या समोर येतात. पोह्यांवर शेव आणि जिरावण (मसाल्याची पूड) असेल. “आमच्याकडे पोह्यांत ओलं खोबरं घालतात” हे वाक्य खरे असले तरी त्या सकाळी उच्चारू नये. पहिल्या दिवशी कोणताही मतभेदाचा विषय काढू नये आणि समोरून निघाला तरी पुढे नेऊ नये. “आज प्रवासाचा शीण आहे, उद्या निवांत बोलू” हे उत्तर त्या दिवसापुरते कोणालाही मान्य होते.

स्वयंपाकघरात शिरताना मदत विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. “काही करू का?” या प्रश्नाला “नको, तू बस” हेच उत्तर येते आणि बसल्यावर तेच डोळ्यांत खुपते. त्याऐवजी नेमके काम मागावे : “आई, कणीक मी मळते, किती घेऊ?” प्रमाण विचारल्याने स्वयंपाकघर कोणाचे आहे हा प्रश्न निर्माणच होत नाही.

इंदुरात कचऱ्याची गोष्ट वेगळी समजून घ्यावी लागते. घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळे, आणि डायपर किंवा सॅनिटरी पॅड आणखी वेगळे ठेवले जाते, कचरागाडी रोज दाराशी येते आणि गाडीवरची माणसे मिसळलेला कचरा परत देतात. पाहुण्या सुनेने बाळाचे डायपर ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि सकाळी सासूबाईंना शेजाऱ्यांसमोर तो डबा परत घ्यावा लागला, तर दिवसाची सुरुवात कशी होईल ते सांगायला नको. पोचल्यावर तासाभरात कोणता डबा कशाचा हे विचारून घ्यावे. पाहुण्याने हे आपणहून विचारले की घरच्यांना बरे वाटते, कारण या शहराला स्वच्छतेचा अभिमान मनापासून आहे.

टप्पा ५ : मधल्या दिवसांची आखणी

सर्व माणसे दिवसभर एकाच छपराखाली राहिली की दुसऱ्या दुपारपासून आवाज चढू लागतात. रोज दीड-दोन तास घराबाहेर जाण्याचे काहीतरी ठरवलेले असावे आणि त्यात घरातले एक माणूस सोबत घ्यावे : एके दिवशी मामंजींबरोबर राजवाड्याच्या बाजूला, एके दिवशी सासूबाईंबरोबर खरेदीला. सराफ्यात सोन्या-चांदीची दुकाने बंद झाल्यावर खाण्याचे ठेले लागतात. तेथे फक्त दोघांनी जायचे असेल तर संध्याकाळीच सांगावे, रात्री दहाला चपला घालताना सांगू नये. उज्जैन साधारण ५५ किलोमीटरवर आहे, पण महाकाळाच्या दर्शनाची गर्दी धरता तो पूर्ण दिवस समजावा आणि परतीच्या दिवशी ठेवू नये.

सावधान : नवरा जुन्या मित्रांना भेटायला संध्याकाळी बाहेर पडतो, “तासाभरात येतो” म्हणतो आणि जेवणानंतर उगवतो, मधल्या वेळात सून सासू-नणंदांबरोबर एकटी असते आणि नेमके तेव्हाच विषय निघतात. मित्रांची भेट जरूर घ्यावी, परंतु वेळ बायकोशी ठरवून आणि पहिल्या दोन दिवसांनंतर.

गर्दीत असताना वापरण्यासाठी दोघांनी एक खुणेचे वाक्य ठरवून ठेवावे. “माझा चार्जर सापडत नाही, जरा येतोस का?” हे ऐकले की नवऱ्याने हातातले सोडून खोलीत यावे. नवऱ्याने दिवाणखान्यातून “तिथेच असेल बघ” असे ओरडून उत्तर दिले, तर या युक्तीचा काही उपयोग नाही, म्हणून हे आधी पक्के करावे.

टप्पा ६ : मतभेद प्रत्यक्ष उद्भवल्यावर

येथे पाच पायऱ्या आहेत आणि त्यांची अदलाबदल करू नये.

पहिली पायरी, थांबवणे. समजा, नातू वरण-भात ढकलून देतो आणि सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी मुलं ताटात टाकत नव्हती. हल्ली आयांना वेळ कुठे असतो!” येथे तीन उत्तरे तोंडावर येतात. “मी नोकरी करते म्हणून बोलताय का?” याने भांडण सुरू होते. गप्प बसून ताट आपटल्याने ते पुढे ढकलले जाते, तेही व्याजासह. तिसरे उत्तर असे : “हो ना आई, खाण्याचे फार नखरे आहेत त्याचे. त्याला भूक लागली की मी देईन.” पहिल्या वाक्यात जेवढे खरे आहे तेवढे मान्य झाले, दुसऱ्यात निर्णय कोणाचा हेही सांगून झाले, आणि टोमण्याचा भाग उचललाच नाही. न उचललेल्या टोमण्यावर दुसरा टोमणा मारणे अवघड जाते.

दुसरी पायरी, वर्गवारी. हा विषय सोडण्याचा की बोलण्याचा, हे त्याच क्षणी ठरवू नये. रात्री खोलीत दोघांनी ठरवावे. या वेळी नवऱ्याने “आईचा स्वभावच तसा आहे” हे वाक्य टाळावे, कारण ते ऐकल्यावर बायकोचे भांडण सासूशी राहत नाही. बायकोनेही त्या दिवसाच्या प्रसंगापुरतेच बोलावे आणि लग्नातल्या मानपानापर्यंत मागे जाऊ नये.

तिसरी पायरी, वेळ आणि जागा. जेवणाच्या पंगतीत, पूजेच्या तयारीत, पाहुण्यांसमोर किंवा मुलांसमोर विषय काढू नये. बहुतेक घरांत दुपारची झोप झाल्यावर चहाची वेळ सर्वांत शांत असते. मुलाने आईला किंवा वडिलांना एकट्याने गाठावे. दोघे मिळून समोर बसले की ती सुनावणी वाटते.

चौथी पायरी, वाक्यरचना. आधी प्रसंग, मग विनंती, मग पर्याय, एवढेच. मुलगा म्हणेल : “आई, काल काकांच्या समोर तू हिला मुलाच्या खाण्यावरून बोललीस. तसं काही वाटलं तर मला एकट्याला सांग, मी बघतो. आणि त्याला काय चालतं ते मी तुला लिहून देतो, म्हणजे तुलाही करून घालता येईल.” यात “नेहमी”, “कधीच” आणि “सगळे म्हणतात” हे शब्द नाहीत, हे पाहावे. हे शब्द आले की आई नेमका एक अपवाद शोधून दाखवते आणि मूळ मुद्दा हातातून जातो.

कुलाचाराचे मतभेद थोडे वेगळे असतात. माहेरी खड्यांच्या गौरी आणि सासरी मुखवट्यांच्या उभ्या महालक्ष्म्या असतील, तर त्या घरी त्या घराचा आचार चालावा, यात वाद असू नये. वाद खरा असतो तो “पुढे हे कोण करणार” याचा. नोकरी सांभाळून पुण्यात सोळा भाज्यांचा नैवेद्य आणि पुरणाचा स्वयंपाक जमणार नसेल, तर ते सणाच्या दिवशी सांगू नये. विसर्जन झाल्यावर, आवराआवरीनंतर, मुलाने सांगावे आणि काय जमेल तेही सोबत सांगावे, उदाहरणार्थ एक वर्षाआड इंदूरला येऊन करणे किंवा कुलाचार तोच ठेवून स्वयंपाक आटोपशीर करणे. जमेल ते आधी आणि जमणार नाही ते नंतर, या क्रमाने बोलले तर ऐकून घेतले जाण्याची शक्यता वाढते.

पाचवी पायरी, थांबणे. एकदा सांगून झाले की उत्तर मागू नये. “मग कळलं ना?” हा प्रश्न पराभव वदवून घेणारा आहे. पुष्कळ सासवा त्या क्षणी “मी काय वाईट बोलले?” म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने वागणे बदलतात, त्या बदलाची वाच्यता न करणे हाच शहाणपणा.

तपासून पाहा : बोलणे दहा मिनिटांत संपले का? तिसऱ्या माणसाला मध्ये ओढले नाही ना? जुना प्रसंग काढला नाही ना? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर समोरच्याचा चेहरा पडलेला असला तरी काम नीट झाले असे समजावे.

टप्पा ७ : जावयासाठी

सासुरवाडीला जावयाची अडचण उलटी असते : त्याला कोणी बोलत नाही, सर्व राग मुलीवर निघतो. म्हणून त्याने आग्रहाला आणि मानपानाला आपली मर्यादा आधीच, बायकोमार्फत, सांगून ठेवावी. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देण्याची रीत पाळली जाते आणि त्यासोबत चांदी, कपडे, भांडी यांची चढाओढही चालते. ज्याला वस्तू नको असतील त्याने महिना लागण्यापूर्वीच कळवावे की फक्त अनारसे घेऊ. दाराशी मांडलेले ताट नाकारणे हा अपमान समजला जातो आणि त्याची भरपाई मुलीला करावी लागते. सासऱ्यांशी राजकारणावर वाद घालू नये, जिंकण्यासारखे त्यात काही नाही.

टप्पा ८ : घर, पैसा आणि वाटण्या

हा विषय सणाच्या मुक्कामात काढू नये. चहा घेता घेता “या घराचं पुढे काय ठरवलंय?” असे विचारणाऱ्या मुलाचा हेतू शुद्ध असला तरी प्रश्नामागे सून उभी आहे असेच समजले जाते. त्यासाठी वेगळी तारीख ठरवावी, सर्व भावंडांना बोलवावे, कागदपत्रे समोर ठेवावीत आणि जे ठरेल ते लिहून काढावे. जावा, जावई आणि सुना यांनी त्या बैठकीत विचारल्याशिवाय बोलू नये.

टप्पा ९ : निघताना आणि पोचल्यावर

शेवटची संध्याकाळ मोकळी ठेवावी आणि सामान आदल्या दुपारीच भरावे. बरोबर दिलेला डबा, लोणचे, शेव हे सर्व घ्यावे. पिशवीत जागा नसल्याची तक्रार करू नये. राहिलेला मुद्दा निरोपाच्या वेळी काढू नये, कारण त्यावर बोलायला कोणाला वेळ नसतो आणि तोच शेवटचा आठवत राहतो. घरी पोचल्यावर पहिला फोन सुनेने सासूबाईंना करावा आणि एखाद्या नेमक्या गोष्टीचे नाव घेऊन बोलावे, जसे की गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाच्या कापांचे : “ते गराडू मुलांनी गाडीतच संपवले.” मतभेदाबद्दलचा पुढचा फोन, लागलाच तर, आठवडाभराने आणि मुलाने करावा.

ही पद्धत कोठे वापरू नये

वरील सर्व पायऱ्या मतभेदांसाठी आहेत. मारहाण, कोंडून ठेवणे, फोन किंवा पगार काढून घेणे, हुंड्याची किंवा माहेरहून पैसे आणण्याची मागणी, यांना मतभेद म्हणत नाहीत आणि चहाच्या वेळी गोड बोलून ते थांबतही नाहीत. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा देणे, घेणे आणि मागणे हे तिन्ही गुन्हे आहेत, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे. अशा घरी जाण्याचे बंधन कोणावर नाही. जावेच लागले तर स्वतःचे ओळखपत्र, पैसे आणि फोन स्वतःजवळ ठेवावा, माहेरच्या एका माणसाला मुक्कामाचा पत्ता आणि परतीची वेळ देऊन ठेवावी, आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ किंवा महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक लावावा.